सतरा नंबरवरचे पस्तीस सेंट

हे सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे मला आधीच माहीत आहे. रॉस तर ठेवतच नाही. रॉस म्हणजे आमचा शेजारी. तीस वर्षं माझ्या व्हरांड्यात बसून माझीच बिअर पितो आणि मलाच थापाड्या म्हणतो. म्हणू दे. खाडीतल्या शार्कची गोष्ट मी रचलेली होती, कबूल. पोस्टमनला उचलून नेणाऱ्या गरुडाचीही. पण माझं लग्न एका मेलेल्या माणसाने पस्तीस सेंटांत जमवून दिलं, याच्याइतकं खरं मी जन्मात दुसरं काही बोललेलो नाही.

तिकडे कोपऱ्यात पाय स्टुलावर टाकून विणत बसलीय ती माझी बायको, वेस्ना. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज आठ दिवस झाले. गोष्टीतली पोरगी तीच; नाकावरून ओळखाल. पण तिला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही. छत्तीस वर्षांत तिने ही गोष्ट एकदाही शेवटपर्यंत ऐकलेली नाही. मी सतरा नंबरपाशी पोचलो की ती चहा टाकायला उठते.

तर, एकोणीसशे एकोणनव्वदचा जुलै, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा. मी चौतीस वर्षांचा. केस डोक्यावर होते, दात तोंडात होते. सिडनीच्या एका कंपनीने हातात पत्र्याची पेटी देऊन मला ब्रोकन हिलला पाठवलं. वाळवंटाच्या मधोमध खाणीचं गाव. शंभर वर्षं शिसं आणि जस्त काढून काढून आतून पोकळ झालेलं. वर आभाळ काचेसारखं स्वच्छ, आणि सकाळी थंडी अशी, की चहात बुडवलेलं बिस्किट तोंडापर्यंत येता येता गोठायचं. (रॉस, शेवटी काय ते एकदम बोल.) निम्म्या दुकानांना फळ्या ठोकलेल्या. खाणी माणसं कमी करत होत्या, आणि घरी बसवलेला माणूस घरी कधीच बसत नाही. तो क्लबात जाऊन बसतो. नॉर्थ शाफ्ट क्लबात त्यासाठी जुगाराची बासष्ट मशिनं मांडलेली होती.

मॅनेजर नॉर्म शिपवे कुणाशी तरी फोनवर भांडत होता, म्हणून वेळ काढायला मी एका मशीनमध्ये दोन डॉलर टाकले. आता मशीनची एक खोड सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. ते खेळ मोजायचं पाच-पाच सेंटांत, पण त्याच्या पोटात असायची नुसती डॉलरची नाणी. खेळ आवरून ‘परत द्या’चं बटण दाबलं, की जेवढे पूर्ण डॉलर असतील तेवढे खाली ट्रेमध्ये पडायचे. वरची चिल्लर त्याला देता यायची नाही. ती आकड्यावर तशीच लटकून राहायची, आणि मशीनच्या डोक्यावर पिवळा दिवा लागायचा. दिवा दिसला की क्लबातली बाई सुट्या पैशांचा बटवा घेऊन यायची, उरलेले सेंट हातावर मोजायची आणि वहीत सही घ्यायची.

माझे एक डॉलर पंचेचाळीस उरले होते. बटण दाबलं. डॉलर पडला. उचलला तर बोटाला चटका बसावा इतका थंड. आणि डोक्यावर दिवा लागला.

ती आली. निळा स्वेटर, हातात वही, आणि नाक... नाक आधी आलं, ती मागून. तिने स्वेटरच्या आतून बटवा ओढला आणि माझ्या तळहातावर एकेक नाणं ठेवलं. वीस, वीस, पाच. मी दचकलो. त्या थंडीत ती नाणी गरम होती.

“गरम आहेत,” मी म्हणालो. चौतीस वर्षांच्या पुरुषाला दुसरं काही सुचू नये.

“आत्ताच भाजलीत,” ती म्हणाली. “सही करा.”

मी सही करत राहिलो. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

“नाव लिहिताय की पत्र?”

बटवा ती स्वेटरच्या आत, कमरेला लागून बांधायची. क्लबातल्या म्हाताऱ्यांची बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली. थंड नाणं त्यांना धरवत नसे, म्हणून. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की मी पंचेचाळीस सेंट मुठीत धरून बसलोय आणि मूठ उघडायची माझी इच्छा नाही.

तिने माझ्या पेटीकडे बोट दाखवून विचारलं, यात काय. नॉर्मने फोनवर बजावलं होतं, कुणाला काही बोलायचं नाही. मी म्हणालो, फ्रिज दुरुस्तीचं सामान.

“इथे? जुलैत?” तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मग उपाशी मराल तुम्ही.”

पेटीत काय होतं ते तुम्हाला सांगतो. बिस्किटाएवढ्या, सर्किटच्या बासष्ट हिरव्या पट्ट्या. एकेका मशीनमध्ये एकेक बसवायची. ती बसली की उरलेल्या चिल्लरीसाठी दिवा लागायचा नाही आणि बटवेवालीही लागायची नाही. मशीन स्वतःच चिठ्ठी काढल्यासारखं करणार. वीस सेंट उरले असतील तर शंभरात वीस वेळा पूर्ण डॉलर पडणार. ऐंशी वेळा काही नाही, आकडा शून्य. नव्वद उरले तर नव्वद वेळा. हिशोबाला चोख. कुणाचा एक सेंट बुडवला असं म्हणायची सोय नाही. आणि त्या क्लबात बटवेवाल्या तिघी होत्या. त्या तिघींची भाकरी त्या पेटीत होती, आणि पेटी माझ्या पायाशी.

काम तीन दिवसांचं होतं. मला तीन आठवडे लागले. सकाळी सात ते दहा क्लब बंद असताना मी पट्ट्या बसवायचो. नॉर्मला त्या सगळ्या एकाच दिवशी चालू करायच्या होत्या. त्याला मी सांगितलं, वाळवंटाच्या धुळीने स्क्रू जाम झालेत. आणि दहानंतर गिऱ्हाईक होऊन बसायचो. दोन डॉलर टाकायचे, थोडं खेळायचं, पाच-दहा सेंट उरतील असं बघून बटण दाबायचं. दिवा लागायचा. ती यायची.

पाचव्या-सहाव्या दिवशी ती वही न उघडताच उभी राहिली.

“एक विचारू? लोक शून्य होईपर्यंत खेळतात, नाहीतर जिंकल्यावर उठतात. तुम्ही कायम पाच सेंट उरले की उठता.”

“पाच माझा लकी नंबर आहे.”

“काल पंधरा होते.”

“तोसुद्धा...”

“रविवारी मी दुपारनंतर मोकळी असते,” ती म्हणाली. “फुकट भेटते. दिवा लावायला लागत नाही.” आणि पाच सेंट माझ्या हातावर टेकवून निघून गेली. त्या नाण्यावर एका बाजूला काटेरी साळू असतो. मी बराच वेळ त्या साळूकडे बघत बसलो, जणू तोच माझ्याशी बोलला होता.

आता तिच्या बापाकडे येऊ. स्टीपे बार्बारिच. तरुणपणी समुद्रातलं आपलं बेट सोडून आला आणि पंचवीस वर्षं जमिनीच्या पोटात राबला. खाणीने त्याची फुप्फुसं ठेवून घेतली आणि पेन्शन दिली. ती पेन्शन तो रोज सकाळी दहा वाजता सतरा नंबरच्या मशीनला नेऊन द्यायचा. चाकाच्या गाड्यावर ऑक्सिजनची टाकी, नाकात नळी. बसायच्या आधी खिशातून खाणीतला पितळी बिल्ला काढायचा आणि मशीनच्या दांड्याला अडकवायचा. खाणीच्या तोंडाशी एक फळा असतो. उतरताना प्रत्येकजण आपला बिल्ला त्यावर अडकवतो. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस खाली आहे. वर आला की काढून नेतो. आणि जो वर येत नाही, त्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावत नाही. घरचं माणूस येऊन काढतं. ते काढत असताना बाकीचे पाठ फिरवून उभे राहतात, म्हणजे त्याला रडता येतं.

वेस्ना त्याला ताता म्हणायची. तिने त्याच्यापुढे हात जोडून पाहिले होते, भांडून पाहिलं होतं, पेन्शनचं पुस्तक पिठाच्या डब्यात लपवून पाहिलं होतं. शेवटी बाप-लेकीत एक ठरलं. डॉलर ताताचे, मशीनचे, सैतानाचे. पण वर उरेल ती चिल्लर घराची. बटण दाबलं की दिवा लागायचा, वेस्ना यायची, बापाच्या हातावर सेंट मोजायची. बाप सही करायचा आणि तेच सेंट तिच्या हातावर परत ठेवायचा. “पावाचे,” म्हणायचा. दिवसातून सात-आठ वेळा. मशीनला जे गिळता येत नाही ते घरच्यांचं, असा कायदाच होता त्यांचा. त्या घरातला पाव खरोखर त्या चिल्लरीतून यायचा.

हे मला कळलं तेव्हा माझ्या सत्तेचाळीस पट्ट्या बसवून झाल्या होत्या.

शनिवारी स्टीपेने मला बोटाने जवळ बोलावलं. तो एक वाक्य बोलायचा, मग थांबून श्वास गोळा करायचा.

“तू फ्रिजवाला नाहीस,” तो म्हणाला. “पुढच्या माणसाच्या पेटीत काय आहे ते बघितल्याशिवाय... जो त्याच्या मागे जातो... तो खाणीतून वर येत नाही. मी बघितलंय.” नळीतून हवा सरसरली. “उरलेलं आता हीच खाणार ना?”

मी हो म्हणालो. त्याच्याशी खोटं बोलायला जीभ वळली नाही. माझ्या आयुष्यात असं दोन-तीनदाच झालंय.

“माझ्या पोरीला तूच सांग. दुसऱ्याकडून कळू नये.” पुन्हा श्वास. “आणि सांगितल्यावरही ती तुझ्याशी बोलली... तर घेऊन जा तिला. इथल्या धुळीत शिसं आहे. मी तिला... धूळ खायला आणली नव्हती इथे.”

मी शब्द दिला. उद्याच सांगतो म्हणालो.

रविवारी तिने मला गावाच्या डोक्यावरच्या काळ्या टेकाडावर नेलं. खाणीतून निघालेला दगडगोटा टाकून टाकून झालेलं ते टेकाड. गावातल्या पोरी-पोरांना फिरायला तेवढीच उंची. वारा कानाची पाळी कापत होता. आम्ही कागदातले खिम्याचे पॅटिस खाल्ले, बोटं चाटली. खाली पत्र्याची घरं, त्यापलीकडे लाल माती, त्यापलीकडे काही नाही. तिने विचारलं, तुमच्या गावी, न्यूकॅसलला समुद्र आहे म्हणतात, तो वाजतो कसा? ताताला विचारलं की तो बोलत नाही, तोंड फिरवतो.

मी म्हणालो, “खाणीतल्या दगड फोडायच्या मशीनसारखा. फक्त पाळी बदलताना थांबत नाही.”

ती हसली. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाली, निळे पडलेत. बटव्यातून वीस सेंटांचं नाणं काढून तिने ते माझ्या मुठीत ठेवलं आणि आपल्या दोन्ही हातांनी मूठ मिटली.

“उधार,” ती म्हणाली. “थंड झालं की परत कर... डेस.”

नावाने हाक मारायची ती पहिलीच वेळ. तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं. पण असे हात मुठीवर असताना तुम्ही सांगितलं असतं? तुम्ही सांगितलं असतं. तुम्ही भली माणसं. मी समुद्राबद्दल बोलत राहिलो.

सोमवारी दहा वाजता नॉर्मने भिंतीवर एक कागद चिकटवला आणि मी बासष्ट पट्ट्या चालू केल्या. किल्ल्यांचा जुडगा हातात, पेटी उघडी. स्टीपेने बिल्ला अडकवला, खेळला, चाळीस सेंट उरले तसं बटण दाबलं. वेस्ना नेहमीसारखी चार पावलांवर उभी होती, हात बटव्यावर, डोळे दिव्यावर. दिवा लागला नाही. आकडा क्षणभर थरथरला आणि शून्य झाला. ट्रेमध्ये काही पडलं नाही. ती तशीच उभी, हात बटव्यावर. मग तिची नजर हळूच खाली आली... माझ्या किल्ल्यांवर... पेटीवर... माझ्यावर.

ती जवळ आली.

“फ्रिज दुरुस्त झाला?”

तिने तळहात पुढे केला.

“माझे वीस सेंट.”

मी खिशातून काढून दिले. तिने मूठ मिटली. “थंड झालेत,” ती म्हणाली.

ते थंड झालेले नव्हते. कालपासून मी ते खिशातसुद्धा मुठीत धरून ठेवले होते. पण ती वळून गेली होती.

तिघींना पंधरा दिवसांची नोटीस मिळाली. वेस्ना माझ्या बाजूने जाताना खांबाच्या बाजूने जावं तशी जायची. मंगळवारी स्टीपेचे पंचावन्न सेंट गेले, नंतर दहा, नंतर साठ. एकदा ऐंशीवर डॉलर पडला, तर त्याने तो लगेच परत मशीनमध्ये टाकला. डॉलर सैतानाचा, हे ठरलेलं होतं ना. बुधवारीही तेच. घरी चिल्लर जायची बंद झाली.

गुरुवारी तो पस्तीसवर थांबला. बटण दाबलं नाही. पुढेही खेळला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून आकड्याकडे बघत बसला. नॉर्म येऊन म्हणाला, स्टीपे, खेळत नसशील तर मशीन मोकळं कर, लोक थांबलेत. स्टीपेने मान हलवली.

“हे माझ्या पोरीचे आहेत,” तो म्हणाला.

अकरा वाजता वेस्ना त्याचा चहा घेऊन गेली. दोन चमचे साखर, दूध वेगळं. तिने कप मशीनच्या कडेवर ठेवला आणि ताता म्हणून हाक मारली. मग पुन्हा मारली, जरा हळू. टाकी चालू होती, नळीतून हवा येत होती. घेणारा नव्हता.

थडग्याची जमीन तिथे इतकी कडक की पहारीने फोडायला लागते. मी मागच्या रांगेत उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

इकडे क्लबात सतरा नंबर तसाच. आकडा पस्तीस, दांड्याला बिल्ला. कुणी त्या खुर्चीत बसेना. कुणी शेजारच्याही बसेना. चौथ्या दिवशी नॉर्मने मला बोलावलं आणि म्हणाला, साफ कर. त्याला मी समजावलं, जुनी सोय असती तर किल्ली लावून आकडा काढला असता आणि पस्तीस सेंट पोरीच्या हातावर ठेवले असते. पण ती किल्लीची जागा मीच काढून टाकलीय, पट्टी बसवताना. आता एकच वाट, बटण. मग दाब की, तो म्हणाला. माझं बोट बटणापासून वीतभर लांब असेल, आणि मागे सहा खुर्च्या सरकल्या. सहा म्हातारे खाणवाले उभे राहिले होते. बिल्ल्याकडे बघत होते. मी दोन्ही हात खिशात घातले आणि माझ्या खोलीवर निघून गेलो.

नवव्या दिवशी, दहाला क्लब उघडता उघडता, ती आली. काळा कोट आईचा असावा. बाह्या आखूड होत्या. सरळ सतरा नंबरपाशी गेली. मी तिथेच होतो. मी नऊ दिवस तिथेच होतो.

“याच्यात शंभरातले किती?” तिने विचारलं. त्या सोमवारनंतरचा पहिला शब्द.

“पस्तीस. जितके सेंट तितके.”

“म्हणजे पासष्ट वेळा काही नाही.”

“वेस्ना, मी कंपनीला लिहितो. ते सगळं मशीनच उघडून...”

“त्या दिवशी टेकडीवर सांगायला पाहिजे होतंस तू.”

“हो.”

“का नाही सांगितलंस?”

“तुझे हात माझ्या हातावर होते.”

तिने बिल्ला अंगठ्याने पुसला. मग बोलली, माझ्याकडे न बघता, जणू मशीनशीच.

“डॉलर पडला तर तो ताताने दिला, माझ्या तिकिटाला. मी तुझ्याबरोबर येते. नाही पडला तर तू एकटा जा, डेस. आणि पत्र लिहू नकोस. इस्पितळात कपडे धुवायचं काम मिळतंय मला. इथे आईचं आणि ताताचं, दोन थडगी आहेत, ती झाडायला कुणीतरी पाहिजे.”

“असल्या गोष्टी याच्यावर लावू नयेत,” मी म्हणालो.

“आमच्या घरचं सगळं याच्यावरच लागलंय.”

मी खूप बोललो असतो. पण तिने बिल्ला दांड्यावरून काढला होता, आणि सहाही म्हातारे उठून, टोप्या काढून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. नॉर्मसुद्धा, सांगायला पाहिजे. त्या हॉलमध्ये बासष्ट मशिनं नुसती गुणगुणत होती. तिने डोळे गच्च मिटले. मी ट्रेच्या बाजूला उभा, हात खिशात. थंडी होती.

तिने बटण दाबलं.

इथे रॉस दर वेळी म्हणतो, की मी पट्टीत काहीतरी करून ठेवलं होतं. मशीनवाला मी, किल्ल्या माझ्याकडे, नऊ दिवस हातात; माझ्यासारख्या थापाड्याने काही केलं नसेल हे शेंबडं पोरही मानणार नाही म्हणतो. तर ऐक, रॉस. माझ्या आईची शपथ. त्या नऊ दिवसांत मी सतरा नंबरचं दार उघडलेलं नाही, किल्ली लावलेली नाही, पट्टीला बोट लावलेलं नाही. हवं तर मला मेल्यावर स्टीपेसमोर उभं करा. मशीनने जे ठरवलं ते मशीनने ठरवलं.

आणि टण्णकन डॉलर पडला.

शंभरात पस्तीस! ट्रेमध्ये एकदा गिरकी घेतली आणि आडवा झाला. तिने डोळे न उघडताच हात खाली नेला, चाचपून तो उचलला. एका मुठीत बिल्ला, दुसऱ्या मुठीत डॉलर. कितीतरी वेळ ती मूठ मिटून तशीच उभी राहिली. मला वाटलं आता रडणार, म्हणून मीही भिंतीकडे वळायला लागलो. तेवढ्यात तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. काय पाहिलं म्हणता... तसं मला कुणी आधी पाहिलं नव्हतं, नंतर तिनेही पाहिलं नाही.

“सिडनीची बस किती वाजता?” ती म्हणाली.

तर अशी आहे गोष्ट. मेलेल्या माणसाने पस्तीस सेंटांत लेक दिली. तो बिल्ला आतल्या खोलीत समुद्राकडच्या खिडकीला अडकवलेला आहे, जाऊन बघा. स्टीपे तिथून रोज समुद्र ऐकतो. देव नाही म्हणणाऱ्यांनी, नशीब नाही म्हणणाऱ्यांनी आता काय ते बोलावं. रॉस, तू बोल. ग्लास नंतर भर.

रॉसने ग्लासला हात लावला नाही. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. इथवर येईपर्यंत आत किटली शिट्टी घालायला लागलेली असते. आज ती वाजली नाही. उठणारीचा पाय स्टुलावर होता. सुयांचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते मला कळलंच नाही.

“अकरा वर्षं बटवा बांधलाय मी,” वेस्ना म्हणाली. तिने टाका मोजला, लोकर बोटाला गुंडाळली. “जुलैत मशीनच्या पोटातलं नाणं बर्फ असतं, डेस. सतरा नंबरच्या ट्रेमधून माझ्या हाताला लागलेलं गरम होतं.”